शके १७०२, बाद

कोरेघाट, जि. सातारा
२ फेब्रुवारी २०२५

चि. अबोलीस,

आजी हरणाबाईचा आशीर्वाद. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर नुसतं बरं-बरं लिहून धाडलंस, तर पोस्टमनसुद्धा हसेल. म्हणून हे.

लिहितायत आपल्या शाळेच्या जुन्या चारुशीलाबाई. त्या वाचनालयाच्या ओट्यावर खुर्चीत, मी खाली पायरीवर. माझं बोलणं त्या धुऊन लिहितात. मी म्हटलं, "धुवा बाई, पर पिळू नगा." हसल्या. "हेही लिहू?" म्हणतात. लिहा की.

काम असं आहे. नदीवरचा घाट आणि वरची पेठ मिळून "वारसा क्षेत्र" होणार. नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लावलाय. तांबड्या रेघेच्या आत जे घर येईल ते कुणी पाडायचं नाही. उलट त्याची डागडुजी होणार, गटार होणार, नळ येणार. रेघेबाहेर घाटाला लागून जे असेल ते उठवून तिथं "मोकळा पट्टा" करायचा, म्हणजे पाहुण्यांना घाट नीट दिसेल. मला नकाशा वाचता येत नाही, पण रेघ दिसते. घाटाच्या कडेकडेनं छान चालत आली, आणि ओढ्यापाशी चिखल बघून बाई जसं लुगडं वर धरते, तशी वर उचलली. आपल्या वडारवस्तीची एकतीस घरं खाली राहिली.

नोटीस आली आहे. सहा किलोमीटरवर माळाला जागा देणार. तिथं पाणी नाही, पण हवा चांगली आहे असं वारसा समितीचे अध्यक्ष गंगाधरपंत म्हणाले. त्यांना म्हटलं, "आवं मग तुमी जावा की, तुमाला दमा हाय." मध्ये जातीची नावं काढायची म्हणून वस्तीच्या पाटीवर "कृष्णाईनगर" लिहून गेले. पाटी नवी झाली, गटार होतं तेच.

चारुशीलाबाईही समितीत आहेत. विचारलं, "रेघ वर का गेली?" म्हणाल्या, "त्या बैठकीला मी नव्हते." एवढं वाक्य मात्र त्यांनी लय भराभर लिहिलं.

हरकत लेखी द्यायची आहे. सुनावणी २८ मार्चला. तू सांगलीत नकाशांच्याच ऑफिसात आहेस. रेघ कुणी काढली ते शोध, आणि त्याचा हात कशानं हलला ते विचार.

तुझी आजी, हरणाबाई


सांगली
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

नमस्कार. पत्र मिळालं. चारुशीलाबाईंनाही नमस्कार सांग. अर्थात त्या हे तुला वाचून दाखवतायत, म्हणजे त्यांना तो मिळालाच.

असे नकाशे बऱ्याच ठिकाणी होतात गं. रेघ कुणी काढली हे मला इथून सांगता येणार नाही. समिती सांगते तसं काढतात. काढणारा फक्त हात असतो.

पण नियम मी वाचले. एखादी जागा आत घ्यायची तर ती शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्याचा पुरावा लागतो, लेखी किंवा कोरीव. तोंडी चालत नाही. आपल्या घरांची नोंद "पत्रा व माती, अलीकडील" अशी झाली आहे. कुणाकडे जुना कागद असेल तर शोधा. गुंडाकाकांच्या पेटीत काही आहे का?

मी खोली बदलली आहे. नवा पत्ता मागे लिहिलाय. जुनी खोली ऑफिसपासून लांब पडायची.

बाकी सगळं बरं.

तुझी अबोली


कोरेघाट
१७ फेब्रुवारी २०२५

चि. अबोलीस,

शेवटी बरं आलंच.

गुंडाच्या पेटीत त्याच्या लग्नाचा फेटा निघाला आणि झुरळं निघाली. कागद नाही. आपल्याकडं कागद कसा असेल? आपण दगडावर काम करणारी माणसं, कागदावर काम करणाऱ्यांनी आपल्याबद्दल लिहायचं ठेवलं असेल तर असेल.

मला एक सांग. सहा महिन्यांत ही तुझी तिसरी खोली. सांगलीत ऑफिसं चाकावर असतात का, की दर दोन महिन्यांनी तुझं लांब जातं?

आता कोरीवचं ऐक. आपल्या उंबऱ्यावरची देवीची अक्षरं विसरलीस? एकतीसपैकी एकोणीस घरांच्या उंबऱ्यांवर ती आहेत, काळ्या दगडात कोरलेली. भिंती मातीच्या झाल्या, पत्र्याच्या झाल्या, उंबरे तेच. लग्न करून आले त्या दिवसापासून दर मंगळवारी मी त्यांना हळदकुंकू लावते. कुणी पाय दिला तर तुझे आजोबा, नाथाजी, जेवायचे नाहीत. काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नाही. तुमची शिकलेली पोरंसुद्धा म्हणतात, हे आपल्या शाळेतलं अक्षर नव्हे.

म्हणून चारुशीलाबाईंना घेऊन आले. तीस वर्षं माझी पत्रं लिहितायत, पण ओढा त्यांनी पहिल्यांदा ओलांडला. मी म्हटलं, "बाई, जपून, हितं नकाशा संपतो." शेजारच्या बनुबाईनं चहा केला. सगळी वस्ती दारात उभी राहून बघत होती, बाई पितात का. प्याल्या. साखर जास्त होती तरी प्याल्या. मग चष्मा लावून उंबऱ्यापाशी बसल्या. बसल्या त्या बसल्याच. म्हणाल्या, मोडी लिपी आहे. त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना मोडी शिकवली होती.

"काय लिहिलंय?"

"श्री," म्हणाल्या. "देवीचंच आहे."

बनुबाईनं तिथंच नमस्कार केला. पण "श्री" एवढं लांब असतं का गं? मला अक्षर येत नाही, पण मोजता येतं. कागद ठेवून वर कोळसा घासला आणि छाप काढला. सोबत धाडते. तिकडं कुणाला तरी दाखव.

तुझी आजी, हरणाबाई


सांगली
१ मार्च २०२५

प्रिय आजी,

पत्राला उशीर केला. तीनदा लिहिलं आणि फाडलं. चारुशीलाबाई, तुम्ही हे आजीला जसंच्या तसं वाचून दाखवा, काही गाळू नका.

इथं अवधूतकाका म्हणून एक आहेत, जुनी दप्तरं वाचतात. त्यांना छाप दाखवला. त्यांनी एका नजरेत वाचला. ते "श्री" नाही, आजी. तिथं लिहिलंय:

"बाद. शके १७०२."

म्हणजे नापास. घाट बांधताना ज्या दगडाला चीर असेल, कोपरा उडालेला असेल, तो मुकादम बाजूला काढायचा. पुन्हा कुणी घाटात बसवू नये म्हणून त्याच्यावर "बाद" आणि साल कोरून घ्यायचा, असं काका म्हणाले. असे टाकलेले दगड आपल्या लोकांनी घरी नेले आणि उंबरे केले. मुकादम गेरूनं लिहून द्यायचा आणि वडाराकडूनच कोरून घ्यायचा. कोरणाऱ्याला काय कोरतोय ते ठाऊक नसणार.

मला वाटलं, मीही तुला "श्री"च सांगावं. पण मग दुसरंही लपवावं लागलं असतं.

ती रेघ मी काढली.

गेल्या वर्षी आमच्याच ऑफिसला हे काम आलं. समितीचा कच्चा कागद आला, साहेब म्हणाले, "ओढ्यापाशी वर घे." वरून काढलेल्या फोटोत आपली घरं दिसत होती. निळी ताडपत्री टाकलेलं आपलंच. मी बघितलं, आणि वर घेतलं. यादीत शेऱ्याच्या रकान्यात "वगळले" लिहिलं. एकतीस वेळा. जागेवर जाऊन मोजणीसुद्धा केली नाही. "पत्रा व माती" खुर्चीत बसून लिहिलं.

बोलले असते तर कळलं असतं, मी कोणती नलवडे. इथं सगळे विचारतात, "नलवडे म्हणजे कुठले नलवडे?" मी म्हणते, वडूजकडचे. मग त्यांना वाटतं शेतीवाले, घरात कुणी फौजेत असेल, आणि मान हलवून किल्ली देतात. दोन ठिकाणी नंतर कळलं, आणि मग घरमालकांचा कुणीतरी भाचा अचानक राहायला आला. खोल्या ऑफिसापायी बदलल्या नाहीत, आजी.

आता तू काय म्हणशील ते म्हण.

अबोली


कोरेघाट
६ मार्च २०२५

चि. अबोलीस,

बाईंनी वाचून दाखवलं, आणि पहिल्यांदा मी एवढी हसले की वाचनालयातली पेपर वाचणारी माणसं बाहेर आली. म्हटलं, "काय न्हाई, आमी पावणेतीनशे वर्सं नापास झाल्याची पूजा केली!" (हिशेब चुकला आहे, दोनशे पंचेचाळीस होतात. - चा.) बघ, बाई मध्येच माझी बेरीज तपासतात.

बनुबाई मात्र रडायला लागली. म्हणते, "आता हळद कशाला लावू?" मी म्हटलं, "लाव गं. दगडाला काय ठाऊक त्याच्यावर काय लिव्हलंय? त्यानं एवढी वर्सं आपली घरं धरली, त्याची हळद हाय ती."

आता बाईंना काही म्हणायचंय. मी तोंड मिटून बसते.

(अबोली, मी चारुशीला. "बाद" मी त्याच दिवशी वाचलं होतं. सगळी वस्ती दारात उभी होती, हातात त्यांचा चहा होता. जिभेवर आलं ते "श्री". तीस वर्षं हरणाबाईंची पत्रं लिहिते, खोटं पहिल्यांदाच लिहिलं. आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि तीही गिळली. घाटावर दानशूराच्या नावाचा शिलालेख आहे, शके १७०२ चाच. त्यातला सात उलटा आहे, आरशात पाहावा तसा. गंगाधरपंतांनी त्या उलट्या सातावर बारा पानांची पुस्तिका काढली आहे. त्यांच्या मते ती गूढ योगमुद्रा आहे. तुमच्या एकोणीस उंबऱ्यांवरचे सातही तसेच उलटे आहेत. एकाच माणसाचा हात. अक्षर न येणाऱ्या माणसाचा.)

झालं? आता माझं.

त्या बापड्याला वाचता येत नव्हतं. दुसऱ्यानं लिहून दिलं, त्यानं हातोड्यानं टाकी चालवली. तुला वाचता येत होतं. मला हे लागलं. लागलं नाही म्हणाले, तर बाईंसारखं "श्री" होईल.

पण मी तुझ्यावर रुसले तर घर कोण वाचवणार? तुझ्या हातातली टाकी अजून कुणी काढून घेतलेली नाही. आता ती उलटी चालव.

आणि वडूजचे नलवडे लय चांगले असतील, पण त्यांनी घाट बांधला नाही.

तुझी आजी, हरणाबाई


सांगली
१५ मार्च २०२५

प्रिय आजी,

चालवली.

साहेबांपुढे कागद ठेवला: मोजणी चुकीची आहे, जागेवर न जाता केली आहे, ती मी केली आहे. साहेब म्हणाले, "चुकीची आहे हे तुला कसं कळलं?" म्हटलं, "ते निळ्या ताडपत्रीचं घर माझं आहे." त्यांनी वरून काढलेला तो फोटो पुन्हा काढून बघितला. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि बाकीचे फार विचारतात." दुरुस्ती-अहवाल पाठवायला तयार झाले, पण सही माझी, जबाबदारी माझी. मी खाली लिहिलं: अबोली नलवडे, वडारवस्ती, कोरेघाट. शिलालेख आणि उंबरे यांचे फोटो शेजारी-शेजारी लावलेत. गेल्या रविवारी येऊन काढले ते हेच. तू विचारलंस "कशाला?", तेव्हा सांगितलं नाही, कारण साहेबांचं नक्की नव्हतं.

संध्याकाळी घरमालकीण राजेश्वरीताईंनाही सांगितलं. "वडार. घाट बांधणारे." त्यांचा भाचा एक तारखेला येतोय. म्हणजे खोली पुन्हा बदलतेय, आणि या वेळी कारण खरं लिहिते: जात. ऑफिस आहे तिथंच आहे.

सुनावणीला मला बोलता येणार नाही, मी नकाशावाल्यांच्या बाजूची. तूच बोल.

तुझी अबोली


कोरेघाट
३० मार्च २०२५

चि. अबोलीस,

तू मागच्या बाकावर होतीस, तोंडात पदर कोंबून हसत होतीस ते मी बघितलं. तरी सगळं लिहून ठेवते. बाई म्हणतात, हेच आता आपलं दप्तर.

अधिकारी बाई वयानं तुझ्याएवढ्या. समोर तुझा अहवाल. पंत उठले आणि वीस मिनिटं वारसा म्हणजे काय ते सांगितलं. मग म्हणाले, "वस्ती जुनी असेल. पण हे टाकाऊ दगड आहेत. तसं त्यांच्यावरच लिहिलंय."

माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, "पंत, घाटावरचा त्यो उलटा सात कुणाचा वो?"

"गावाचा आहे. गावाचं भूषण आहे."

"अन् त्यो माझ्या उंबऱ्यावर कसा आला? चालत?"

लोक हसले. पंत म्हणाले, "योगायोग असेल."

"एकोनीस डाव?"

आता अधिकारी बाईपण हसल्या. मग त्यांनी मला नीट विचारलं, "आजी, पण 'बाद' याचा अर्थ घाटाला नको असलेला दगड. मग त्याला घाटाचा वारसा कसं म्हणायचं?"

अबोली, खरं सांगते, त्या घडीला एकतीस घरं माझ्या जिभेवर होती. मी पदर खोचला आणि म्हटलं:

"मॅडम, म्या अंगठाबहाद्दर. पर एक कळतं. त्या मुकादमानं दगूड बाद केला, तर त्यावर लिव्हून ठेवलं, साल बी घातलं. तुमच्या नकाशात आमी बाद झालो, तर नुसती रेघ वर उचलली. कोन म्हनलं, कवा म्हनलं, कशापायी म्हनलं, कायबी न्हाई. दगडाला जेवढा मान दिला, तेवढा तरी मानसाला द्या. लिव्हा तिथं, 'वडार म्हनून बाद', अन् खाली सही करा. मग आमी जातो माळाला."

कुणी हसलं नाही. अधिकारी बाईंनी पंतांकडं बघितलं. "रेघ वर घ्या, असा ठराव आहे का?"

ठराव नव्हता. तोंडी होतं.

"तोंडी चालत नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात चारुशीलाबाई उठल्या. हे त्या लिहायला तयार नाहीत, मी बळंच लिहायला लावते. म्हणाल्या, "मी समितीची सदस्य आहे. त्या बैठकीला नव्हते, असं मी सांगत आले. मी होते. 'वर घ्या' म्हटलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही. आज घेते." पंतांनी हातातले कागद गोळा करायला घेतले. दोघांची शाळेपासूनची ओळख.

(लिहिलं, हरणाबाई. - चा.)

निकाल महिन्यानं. जेवण जातंय का विचारू नकोस. जातंय.

तुझी आजी


सांगली
६ मे २०२५

आजी!

फोनवर तुझ्या किंचाळण्यानं ऑफिसभर कळलं, तरी कागदावर हवंच. आदेश आला. वडारवस्ती आत. एकतीसच्या एकतीस घरं, उंबरा असलेली आणि नसलेलीही, कारण अधिकाऱ्यांनी लिहिलंय: "घाट ज्यांनी घडवला त्यांची वस्ती हा घाटाचाच भाग आहे." मोकळा पट्टा रद्द. गटार आणि नळाचं काम आधी आपल्या वस्तीपासून सुरू.

सुधारित रेघ काढायला साहेबांनी माझ्यापुढेच कागद ठेवला. ओढ्यापाशी आल्यावर हात थांबला माझा. मग खाली उतरवली, आपल्या मागच्या चिंचेच्या पलीकडून नेली, नदीला टेकवली. यादीत एकतीस ओळी पुन्हा लिहिल्या. "समाविष्ट." एवढं सुंदर अक्षर मी परीक्षेतही काढलं नव्हतं.

खोली मिळाली. मालकाला आधीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाण्याची वेळ सकाळी सहा ते सात." आणि किल्ली दिली.

तुझी अबोली


कोरेघाट
१८ मे २०२५

चि. अबोलीस,

तुझी रेघ बघून आले. भिंतीवर नवा नकाशा लागलाय. बनुबाईनं बोट ठेवून विचारलं, "ह्यात माझं घर कंचं?" शिपाई म्हणाला, "आजी, हात लावू नका." ती म्हणाली, "माझ्या घराला म्या हात लावू नगं?" आणि लावला.

आता तक्रारी ऐक. वारसा म्हणजे काय ते गुंडाला परवा कळलं. त्यानं दाराला हिरवा रंग लावायला घेतला, तर पालिकेचा माणूस आला: परवानगी लागते. गुंडा मला म्हणतो, "म्हातारे, आत घेऊन फसवलंस." मी म्हटलं, "पेठेतल्यांना इचार, त्यास्नी बी लागती. आता आपल्याला बी त्यांच्याइतकाच तरास." रात्री त्यानं तोच रंग खाटेला लावला.

चारुशीलाबाई रोज येतात. पोरांना मोडी शिकवतात, आपल्या अंगणात. पहिला धडा कुठला, ते विचारू नकोस. पोरं एकमेकांना दिवसभर "बाद, बाद" म्हणत फिरतात. मलाही म्हणाल्या, शिका. मी म्हटलं, "म्या शिकले तर तुमी रोज कशाला याल?"

आणि काल काय झालं ते सांगते. लोकांना वारसा दाखवायची फेरी आता पेठेतून निघून घाटावरून आपल्या वस्तीत येते. काल पहिली होती. पुढं गंगाधरपंत, मागं चाळीस माणसं, पेठेतली, साताऱ्याची, दोन तर पार पुण्याची. पंतांचं सगळं आयुष्य ओढ्याच्या त्या काठाला गेलं. निवडणुकीतसुद्धा ते तिथनंच हात जोडायचे. काल आले. पुस्तिकेची नवी आवृत्ती हातात होती, योगमुद्रेचं पान काढलेली. लोकांना सांगत होते, हा सात बघा, हा त्याच कारागिराचा. दम लागला होता, पण सांगत होते.

आपल्या दारापाशी आले आणि थांबले. मी आत चुलीपाशी होते. त्यांनी चपला काढल्या. हातात घेतल्या, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवल्या. चाळीस माणसं मागं थांबली.

म्हणाले, "हरणाबाई, आत येऊ का?"

अबोली, लगीन होऊन आले त्याला साठ वर्षं झाली. मोजणीवाले आले, शिपाई आले, मतं मागणारे आले. कुणी दारातनं ओरडलं, कुणी सरळ घुसलं. विचारलं कुणी नव्हतं. मी हात धुतले. सावकाश धुतले, जरा जास्तच सावकाश. पदर नीट केला. माणसं उन्हात उभी होती, उभी राहू दिली.

मग दाराशी गेले आणि म्हटलं, "या."

तुझी आजी,
हरणाबाई